वाइलच्या चालीत माझी भर

संगीतकार कुर्ट वाइल आपल्याला जमेल, असं वाटायला माझ्याकडे दोन कारणं होती. एक, त्याच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पुलंनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी १९७८ साली बसवलेला 'तीन पैशाचा तमाशा' माझ्या काकांनी पाहिला होता. दुसरं, गल्लीतल्या गणेशोत्सवात मी नाट्यगीतं म्हणायचो आणि 'वन्स मोअर' घ्यायचो. तो काकाच द्यायचे, हा भाग वेगळा.

म्हणून बर्लिनमध्ये आमच्या भागातल्या हौशी गानमंडळानं या ऑपेरातली गाणी बसवायला घेतली, तेव्हा चाकूवाल्या मॅकीच्या गाण्यासाठी मी लगेच हात वर केला.

अभ्यासही केला. वाइल १९०० साली डेसाऊ गावात जन्मला. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे. पुढे तो बर्लिनला बुसोनीकडे शिकला, नाटककार ब्रेख्तशी जोडी जमली आणि ३१ ऑगस्ट १९२८ला शिफबाउअरडामवरच्या थिएटरात हा ऑपेरा रंगमंचावर आला. तोही काय गोंधळात! छापील पत्रिकेतून लोट्टे लेन्याचं, म्हणजे वाइलच्या बायकोचंच, नाव गळलेलं. मॅकीचं गाणं आयत्या वेळी घुसडलेलं. आणि ते ज्यावर वाजायचं तो हातानं फिरवायचा बॅरल ऑर्गन म्हणे सुरुवातीला वाजेचना. मराठी हौशी रंगभूमीवर वाढलेल्या मला हे इतकं घरचं वाटलं की उरलीसुरली भीतीही गेली.

त्यात मानधनाची वाटणी वाचली. ब्रेख्तला ६२.५ टक्के, मूळ इंग्रजी नाटक जर्मनमध्ये आणणाऱ्या एलिझाबेथ हाउप्टमानला १२.५ आणि चाली ज्याच्या, त्या वाइलला २५! मला त्याचा असा कळवळा आला की त्याच्या चालीत आपल्याकडून थोडी भर घालावी, असं ठरवलं.

तालमीत दुसऱ्या कडव्याला एक हरकत घेतली. पियानोवाल्या बाईंचे हात थबकले. मला वाटलं, दाद. मग तान घेतली. समेवर आलो तेव्हा बाकीचे पुढचं कडवं संपवून माझ्याकडे बघत होते.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" दिग्दर्शक बाईंनी विचारलं.

मग त्यांनी समजावलं. वाइल वाद्यमेळसुद्धा स्वतः लिहायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. चाल गोड, शब्दांत खुनांची यादी. ती सरळ, बातमी वाचावी तशी म्हणायची. गाणारा रंगला की लोक खून विसरतात.

मीही ऐकवलं, "आमच्याकडे १८८० सालच्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून राजा कथानक बाजूला ठेवून गातो. गाणं नाटकापासून सुटं दिसावं हे तुमच्या ब्रेख्तला फार उशिरा सुचलं."

"तुमच्या राजानं किती खून केलेत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नाझींमुळे १९३३ साली देश सोडावा लागलेला वाइल पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला पोचला आणि पस्तिशीनंतर ब्रॉडवेची अगदी निराळी रीत शिकला. मला मात्र एक तान गिळता येईना. सरळ म्हणायला गेलो की गाणं बातमी न होता पाढे व्हायचं.

प्रयोगात मला बॅरल ऑर्गनचं हँडल फिरवायला दिलं. ऑर्गन पुठ्ठ्याचा, सूर पियानोचे. तरी मध्येच मी जरा द्रुत लयीत फिरवलं, तर मॅकीचं गाणं म्हणणारा मुलगा माझ्या हाताकडे बघत सुसाट सुटला आणि पियानो मागे राहिला. पुढच्या प्रयोगाला मी दारात तिकिटं फाडणार आहे.