मी काहीच केलं नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य सगळीकडे एकच असतं : ‘मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं.’ हा माणूस बहुधा बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला असतो, सोसायटीचा खजिनदार असतो आणि ताळेबंद पैशाला पैसा जुळल्याशिवाय त्याला झोप येत नाही. नळ गळला तर वायसर तो स्वतः बदलतो, फ्यूज उडाला तर तार बांधतो. पण पडद्यावर एक चौकट उगवली, की त्याचा हात माऊसवरून दचकून उचलला जातो. तक्रारही मोठी नेमकी असते : ‘कॉम्प्युटर बंद पडलाय.’ बंद म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘बंद म्हणजे चालू आहे, पण चालत नाही.’ पत्र्याच्या खोक्याला तो सीपीयू म्हणतो, पडद्याला कॉम्प्युटर म्हणतो आणि उरलेल्या सगळ्या विश्वाला ‘नेट’. याला हसणं सोपं आहे. कॉम्प्युटरवाल्यांची निम्मी करमणूक त्याच्यावरच चालते. माझं म्हणणं असं, की त्याची ती साक्ष बहुतेक वेळा खरी असते आणि तो फोन करतो तो अडाणीपणामुळे नव्हे, तर चोख हिशेब करून.

साक्षीपासून सुरुवात करू. त्याने खरोखरच काही केलेलं नसतं. विंडोज स्वतःला अपडेट करून घेते, आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही. २०२१च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर कितीतरी कचेऱ्यांत नेटवर्कवर जोडलेले प्रिंटर एकाएकी रुसून बसले, आणि पडद्यावर ‘०x०००००११बी’ असा मजकूर आला. यात वापरणाऱ्याचा गुन्हा काय? दुसरा आरोप त्याहून जुना आहे. कॉम्प्युटरवाला फोनवर सांगतो, ‘बंद करून चालू करा.’ तो म्हणतो, ‘केलं.’ पलीकडच्याला वाटतं, म्हातारा थापा मारतोय. पण २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून बहुतेक यंत्रांत ‘शट डाउन’ म्हटलं तरी व्यवस्थेचा गाभा पूर्ण पुसला जात नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तीच पुन्हा उचलतात, म्हणजे यंत्र लवकर सुरू होतं. पाटी कोरी होते ती ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर. रोज रात्री नियमाने कॉम्प्युटर बंद करणाऱ्या शिस्तप्रिय माणसाने महिनोन्‌महिने तो खऱ्या अर्थाने बंद केलेलाच नसतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मुख्य अडचण अशी, की या यंत्रात दुखतं एकीकडे आणि कण्हणं ऐकू येतं भलतीकडून. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. काही वर्षांनी तो संपतो. मग मुख्य बटण बंद केलं की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि सकाळी कुठल्या तरी जुन्या सालात जागा होतो. त्या सालात बँकेच्या वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर लाल अक्षरांत बजावतो की ही साइट सुरक्षित नाही. आपला खजिनदार बँकेला फोन करतो. बँक म्हणते, तुमचं नेट बघा. नेटवाला येऊन राउटर बदलून जातो. सेल तसाच राहतो. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं कुणालाच सुचत नाही, कारण घड्याळाचा आणि बँकेचा संबंध असेल असं शहाण्या माणसाच्या मनात येणारच नाही. प्रिंटरचंही तेच. ट्रे कागदाने गच्च भरलेला, तरी तो कागद मागत दिवा लुकलुकवतो. कारण कुठल्याशा सेटिंगमध्ये साडेआठ बाय अकरा इंचांचा अमेरिकी ‘लेटर’ कागद लिहिलेला असतो आणि आपल्याकडे सगळा कारभार ए-फोरवर. वार्षिक सभेची नोटीस श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप करून सचिवांना पाठवावी, तर त्यांच्याकडे ती कुणीतरी कीबोर्डवर बसून उठल्यासारखी उघडते. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर मराठी आकार बसवत. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की उघडी पडते ती इंग्रजी अक्षरांची रांग. दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत, आणि नोटीस मात्र गेली.

मग कॉम्प्युटरवाला येतो आणि करतो काय? झाकण उघडतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं खोडरबर घासतो, पट्टी परत दाबून बसवतो, आणि यंत्र सुरू होतं. खोडरबर घरात नातवाच्या कंपासपेटीत होतंच. पण खजिनदाराकडे नव्हतं ते दुसरं यंत्र. त्याच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, आणि त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो, आयकराची विवरणपत्रं आणि सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब आहेत. चुकलं तर सगळं त्याचंच जाणार. कॉम्प्युटरवाल्याचं त्यातलं काहीच जाणार नाही, आणि चुकायचं ते तो आधीच दुसऱ्यांच्या यंत्रांवर चुकून आलेला असतो. पाच वर्षांत एकदा होणारा बिघाड वापरणाऱ्याला दरवेळी नवा. कॉम्प्युटरवाल्याला तोच बिघाड आठवड्यात तीन घरी भेटतो. म्हणून तर तो ‘चहा घेऊ या’ म्हटल्यासारखं ‘फॉरमॅट मारू या’ म्हणतो. सी ड्राइव्ह पुसला जाईल, डी राहील, असा दिलासाही देतो. फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात आणि खजिनदाराची झाडून सगळी दौलत डेस्कटॉपवर पसरलेली असते. फॉरमॅटच्या आधी हे विचारणारा तो चांगला कारागीर. न विचारणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे विचारायला शिकतो.

यावर कुणी म्हणेल, २००१पासून राज्यात एमएस-सीआयटीचे वर्ग चालू आहेत, लाखो लोक शिकले, मग हे परावलंबन कशाला? तर तिथे वर्ड-एक्सेल वापरायला शिकवतात, आणि वापरणं तर आपल्या खजिनदाराला येतंच. यूट्यूबवर सगळं मिळतं म्हणावं, तर शोधायला दुखण्याचं नाव ठाऊक हवं, व्हिडिओ आपल्याच आवृत्तीचा हवा, आणि मुख्य म्हणजे नेट चालू हवं. भाचा असतो, तोही फॉरमॅटच मारतो. बरं, जाणकारांना तरी मदतीची गरज सुटली आहे का? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं झोपवली. ती विमान कंपन्यांची, बँकांची, इस्पितळांची होती; पगारी तज्ज्ञांची फौज बाळगणाऱ्यांची. यंत्र सुरूच होईना, म्हणून दूर बसून दुरुस्त करणं बहुतेक ठिकाणी जमेना. माणसाने एकेका यंत्रासमोर जाऊन सेफ मोडमध्ये त्या अपडेटची सदोष फाइल काढायची. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. काउंटरवरची मुलगी त्या दिवशी हेच सांगत असणार, की मी काहीच केलं नाही. खरंच होतं ते.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. माऊस दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय लागली, की तो कुणाच्याही हाती दिला जातो. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं, ते याच सवयीपोटी. भामटा मदतनीस बनून फोन करतो आणि आपण त्याला पडदा उघडून देतो. पण म्हणून मदतच घेऊ नये, हे काही पटत नाही. ओळख पटवणं सोपं आहे : जो आपण होऊन फोन करतो तो कॉम्प्युटरवाला नव्हेच. खरा कॉम्प्युटरवाला आपण तीनदा फोन केला तरी उचलत नाही, आणि उचललाच तर ‘रस्त्यातच आहे’ म्हणतो.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. ‘दोन मिनिटांचं तर काम होतं’ असं म्हणून खजिनदार कुरकुरतो. ते दोन मिनिटांत झालं, कारण तसल्याच बिघाडापायी आधी कुणाच्या तरी घरी त्याची अख्खी दुपार गेली होती. तेव्हा घासाघीस करू नका. आणि तो निघायच्या आत बॅकअप कुठे ठेवलाय ते त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. तो कागद कीबोर्डखाली मात्र ठेवू नका. तिथे पासवर्ड आहेत.