पोटातला वारा

सोनपेठच्या बाजारात कुणालाही विचारा, पोटदुखीचं निदान तयार असतं: गॅस. छातीत कळ आली तरी गॅस, डोकं ठणकलं तरी गॅस. डॉक्टर मंडळी याला हसतात. पण पोटाचा एक्स-रे फोटो वाचायला शिकणाऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा काय शोधायला लावतात? गॅसच. तेव्हा सोनपेठकरांचा गुन्हेगार बरोबर आहे, त्याचा पत्ता तेवढा चुकतो. १८९५ साली एक्स-रे शोधणाऱ्या रोंटगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि अंगठी लख्ख उमटली. पोटाचं तसं नाही. लिव्हर करडं, प्लीहा करडी, आतड्यातलं पाणीही करडंच. या करड्या गोंधळात आतड्याचा आकार दाखवतो तो काळा वारा. लहान आतड्याच्या घड्या आरपार जातात, मोठ्याच्या बहुधा मध्येच थांबतात. रुंदीचा हिशेब ३-६-९ असा पाठ करायचा: लहान आतडं ३ सेंटिमीटर, मोठं ६, त्याच्या सुरुवातीची पिशवी ९. त्यापुढे फुगवटा गेला की वाट अडल्याची शंका घ्यायची आणि पेशंटला निलाजरेपणाने विचारायचं, ‘वारं सरलं का?’ जठरातला बुडबुडा मात्र भाकरीबरोबर गिळलेल्या हवेचा. त्याला कुणी आरोपी करू नये. तोच वारा उभ्याने काढलेल्या फोटोत छाती-पोटामधल्या पडद्याखाली चंद्रकोरीसारखा दिसला, तर जठराला किंवा आतड्याला भोक पडल्याचा संशय, आणि परभणीची गाडी बोलवायची.

सोनोग्राफी असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण सोनोग्राफीचं घोडं नेमकं वाऱ्यापाशीच अडतं. आवाजाच्या लहरी त्यातून पुढे जात नाहीत. सीटी स्कॅन दोघांहून सरस, हे कबूल. पण रात्री दोनला मशीन बहुधा जिल्ह्याच्या गावी असतं आणि पोट तालुक्याला. दुसरा आक्षेप नातेवाइकांचा: फोटो ‘क्लिअर’ आला, म्हणजे काही नाही ना? तसंही नाही. मुतखडे बहुतेक दिसतात, पित्ताशयातले खडे बहुतेक दिसत नाहीत, आणि सुजलेलं अपेंडिक्स फोटोत अनेकदा साळसूद असतं. उलट जे पोटात नाहीच ते दिसतं. करदोड्याचा दोरा फोटोत गायब, त्यातला तांब्याचा ताईत मात्र पांढराशुभ्र, कधी नेमका मूत्राशयावर बसलेला. ऑपरेशनची भाषा करण्याआधी शिकाऊ डॉक्टरने पेशंटची कंबर एकदा पाहून घेतलेली बरी.