घरं हलवली, माणसं हाकलली

'सुंदर, काव्यात्म, हुरहूर लावणारा.' 'द लास्ट ब्लॅक मॅन इन सॅन फ्रान्सिस्को' या चित्रपटाबद्दल बोलणारे बहुतेक जण इथवर येतात आणि थांबतात. माझं भांडण या थांबण्याशी आहे. चित्रपट सुंदर आहेच, मी तो मनापासून मानतो. पण हुरहूर ही ऋतू सरल्याची असते. इथं तर घरं पाडली, माणसं हुसकावली, आणि त्यासाठी कचेरीत बसून कागद केले. त्याची हुरहूर कसली लावून घ्यायची? चीड यायला हवी.

आधी गोष्ट. जिमी फेल्स हा कृष्णवर्णीय तरुण वृद्धांची शुश्रूषा करून पोट भरतो आणि रात्री मॉन्टगोमेरी या मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतो. राहायला शहराच्या आग्नेय टोकाला, बेव्ह्यू-हंटर्स पॉइंटला. तिथल्या जुन्या नौदल गोदीनं किरणोत्सर्गी घाण मागे ठेवलेली. चित्रपट सुरू होतो तेव्हा अंगभर संरक्षक पोशाख घातलेला माणूस दिसतो आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारी एक छोटी मुलगी, तिच्या नेहमीच्या फ्रॉकमध्ये. एवढ्यात कळतं की या शहरात कुणाचा जीव किती मोलाचा.

जिमीचं मन मात्र शहराच्या फिलमोर भागातल्या एका टोकदार छपराच्या व्हिक्टोरियन घरात अडकलंय. ते त्याच्या कुटुंबानं गमावलेलं घर. आता तिथं एक वयस्कर गोरं जोडपं राहतं, आणि जिमी त्यांना न विचारता जाऊन खिडक्यांच्या चौकटी रंगवतो. मालकीणबाई ओरडतात, तो रंगवत राहतो. पुढे घर रिकामं पडतं, तो मित्राला घेऊन आत शिरतो, आणि मग दलाल येतो. किंमत चाळीस लाख डॉलर.

जिमीचं काम करणाऱ्या नटाचं नावही जिमी फेल्सच आहे. कथा बरीचशी त्याच्याच आयुष्यातली. दिग्दर्शक जो टॅलबट हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, गोरा, याच शहरातला. सुरुवातीला दोघांनी लोकवर्गणी काढली आणि 75 हजार डॉलरच्या आसपास जमवले. 2019 च्या सनडान्स महोत्सवात चित्रपटाला दिग्दर्शनाचा पुरस्कार आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. हे सगळं चित्रपटावरच्या प्रत्येक लेखात असतं.

तिथं सहसा नसतं ते फिलमोर.

1940 साली सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीयांची संख्या पाच हजारांहून कमी होती. 1942 मध्ये सरकारनं फिलमोरमधल्या जपानी वंशाच्या रहिवाशांना उचलून छावण्यांत डांबलं आणि त्यांची घरं ओस पडली. त्याच सुमाराला युद्धासाठी जहाजं बांधायला टेक्सास आणि लुईझियानातून काळे कामगार येत होते. बहुतेक भागांत त्यांना कुणी घर देईना. ओस पडलेल्या फिलमोरमध्ये त्यांना जागा मिळाली. 1950 मध्ये शहरातली त्यांची संख्या 43 हजारांवर गेली. जाझ क्लब उघडले, हॉटेलं, केशकर्तनालयं, वर्तमानपत्रं, प्रार्थनामंदिरं. पश्चिमेचं हार्लेम म्हणून या भागाचं नाव झालं.

एकाला हाकलून दुसऱ्याला दिलेली जागा तिसऱ्यासाठी पुन्हा रिकामी केली गेली, आणि तीही वीस-पंचवीस वर्षांच्या आत. शहराच्या पुनर्विकास एजन्सीनं हा भाग गलिच्छ ठरवला, भूसंपादनाचा अधिकार वापरला आणि यंत्रं लावली. सुमारे अडीच हजार व्हिक्टोरियन घरं जमीनदोस्त झाली, हजारो कुटुंबं आणि शेकडो दुकानं उठली. लेखक जेम्स बाल्डविन 1963 मध्ये दूरदर्शनचा कॅमेरा घेऊन या वस्त्यांत फिरले, तेव्हाच तिथल्या तरुणांनी त्यांना काय चाललंय ते तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे 'तेव्हा कुणाला कल्पना नव्हती' ही सबब चालणार नाही.

आता पोस्ट स्ट्रीटवरच्या एका घराची गोष्ट ऐका, कारण मला सर्वांत जास्त तीच छळते. 1950 च्या दशकात त्यात जिम्बोज बॉप सिटी हा क्लब होता. मोठमोठे जाझ वादक आपले कार्यक्रम संपवून उत्तररात्री तिथं वाजवायला येत. पुनर्विकासात हे घर पाडलं गेलं नाही. ते उचलून गाडीवर चढवलं आणि फिलमोर स्ट्रीटवर नेऊन ठेवलं. अशी आणखीही काही घरं तेव्हा हलवली गेली. लाकडी नक्षी जपण्याजोगी होती. नंतर या घरात मार्कस बुक्स हे पुस्तकांचं दुकान आलं. 1960 मध्ये सुरू झालेलं, काळ्या लेखकांची पुस्तकं विकणारं, देशातल्या या प्रकारच्या सर्वांत जुन्या दुकानांपैकी एक. 2014 मध्ये त्यालाही इमारत सोडावी लागली. घर एवढं प्रिय की ते उचलून दुसऱ्या रस्त्यावर नेण्याचा खर्च करता येतो. आतली माणसं मात्र दोनदा बाहेर.

चित्रपटातलं जिमीचं घरही नेमकं असंच. पर्यटकांचा जथा त्याच्यासमोर थांबतो, वाटाड्या नक्षीचं कौतुक करतो. जिमी वरून ओरडून सांगतो की हे माझ्या आजोबांनी 1946 मध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं.

ते खरं नसतं. (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) घर एकोणिसाव्या शतकातलंच. मित्रच जिमीला सर्वांसमोर हे ऐकवतो. या जागी चित्रपटानं दाखवलेलं धाडस मला फार मोठं वाटतं. नायकाच्या हातात खोटा पुरावा ठेवून सहानुभूती मिळवणं सोपं होतं. टॅलबट आणि फेल्स यांनी तो काढून घेतला आणि आपल्याला कोंडीत पकडलं: खरेदीखत नाही, आजोबांची दंतकथा नाही, तरी चौकटी रंगवणाऱ्या या मुलाचा घरावर काही हक्क उरतो का? मी म्हणतो, उरतो. ज्या शहरानं कागदाच्या जोरावर हजारोंना उठवलं, त्यानं त्यांच्या नातवाकडे कागद मागू नये.

माझी तक्रार एकच. पुनर्विकास एजन्सीची ती कचेरी चित्रपटात कुठेच नाही. दलाल दिसतो, दारू पिऊन गाडीतून ओरडणारे नवश्रीमंत दिसतात, पण सही करणारा हात दिसत नाही. एजन्सीचे तेव्हाचे प्रमुख जस्टिन हर्मन यांच्या नावाचा चौक फेरी बिल्डिंगसमोर कित्येक वर्षं होता. 2017 मध्ये शहरानं ते नाव पुसलं. नावाची पाटी काढणं जमलं, ठीक आहे. पण 1970 मध्ये शहरात शेकडा 13 असलेले कृष्णवर्णीय 2020 मध्ये शेकडा 5 च्या आसपास उरले होते.

सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात हजारो मराठी कुटुंबं आहेत. सनीव्हेल, फ्रीमॉन्ट, कुपर्टिनो. आपली भाची, आपला शेजारी. तिथल्या संगणक कंपन्यांचे पगार आणि सॅन फ्रान्सिस्कोतली घरभाडी एकाच हिशोबातल्या दोन बाजू आहेत. नोकरीसाठी गेलेल्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी हा चित्रपट पाहावा आणि मग फिलमोर स्ट्रीटवरून एकदा चालून यावं, एवढी मात्र विनंती आहे.

आणि एक कागद शोधावा. उठवलेल्या कुटुंबांना एजन्सीनं अग्रहक्काचं प्रमाणपत्र दिलं होतं: नवी घरं होतील तेव्हा आधी तुम्ही. काही जमिनी वर्षानुवर्षं मोकळ्या पडल्या, लोक खाडीपलीकडे पांगले, फार थोड्यांना त्याचा उपयोग झाला. आता तो अग्रहक्क वंशजांनाही लागू केला आहे, पण तो परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत पुढचा नंबर देतो, घर देत नाही. उत्पन्नाची अट आहे, भाडंही भरायचं आहे. जिमीच्या वयाच्या कुणीतरी आजीच्या ट्रंकेतून ते प्रमाणपत्र काढून कचेरीच्या खिडकीशी जावं आणि कॅमेरा त्या खिडकीवर रोखावा. तो चित्रपट अजून व्हायचा आहे. टॅलबट आणि फेल्स यांनीच तो करावा.