अपग्रेडनंतरचे दहा दिवस : काय पाळावं, काय टाळावं

विंडोज १० चा अधिकृत शेवट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी झाला. जन्म जुलै २०१५ चा, म्हणजे दहा वर्षांचा संसार. शेवटी शेवटी पडद्यावर सूचना येत होत्या, पण घरातल्या माणसांना जसं अखेरपर्यंत खरं वाटत नाही, तसं आपलंही झालं. मग ज्यांच्या यंत्रात टीपीएम २.० निघालं त्यांच्याकडे विंडोज ११ आलं आणि घरोघर एकच विलाप सुरू झाला : "लॅपटॉप चांगला चार तास चालायचा हो! आता दीड तासात मान टाकतो."

अशा प्रसंगी कसं वागावं याचं शास्त्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी प्रणाली लगेच जात नाही. 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात ती दहा दिवस घरातच घुटमळत असते. या मुदतीत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त जाऊन 'गो बॅक' दाबलं, तर उठून बसते. मुदत संपली की बटण जातं, मागोमाग फोल्डरही. दहाच दिवस का, असं रेडमंडच्या विंडोजवाल्यांना विचारलं तर ते डिस्कवरच्या जागेचं काहीतरी कारण सांगतील. आपल्याला खरं कारण माहीत आहे. (ही मुदत ६० दिवसांपर्यंत लांबवण्याची आज्ञाही आहे. पण हल्ली तेरावासुद्धा तिसऱ्या दिवशी उरकणारी माणसं आपण. साठ दिवस कोण पाळणार?)

पहिले तीन दिवस लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा आणि टक्क्यांकडे पाहू नये. घर बदललेलं बिऱ्हाड जसं पहिल्या रात्री सगळी खोकी एकदम फोडतं, तशी नवी प्रणाली कामाला लागलेली असते. तुमच्या एकूण एक फायलींची नव्याने यादी करणं, व्हायरस शोधणं, ढगातल्या फायली खाली ओढणं, सगळी अ‍ॅप्स ताजी करणं, हे सगळं एकाच वेळी चालतं. एरवी लिहिण्यावाचण्याला १० वॅट खाणारं यंत्र या धांदलीत सहज २० वॅट ओढतं. बॅटरी ५० वॅट-अवरची असेल, तर तेच पाच तासांचे अडीच तास होतात. यात कसलंही गूढ नाही, चौथीचा भागाकार आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'सर्च इंडेक्सर' घाम गाळताना दिसला म्हणून त्याला ठार करू नये. तो पुन्हा उठतो आणि राहिलेलं काम पुरं करायला बसतो.

मॅकवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही नवी आवृत्ती आली की स्पॉटलाइट पहिल्यापासून यादी करायला बसतो आणि फोटोंचं अ‍ॅप पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नातली माणसं ओळखत बसतं. ती तर आता आपल्यालाही ओळखू येत नाहीत.

याच दिवसांत भेटायला येणारे सुरू होतात. भाचा दारातूनच म्हणतो, "मामा, सरळ फॉरमॅट मार." त्याचं वय असं आहे की कुठल्याही दुःखावर त्याच्याकडे हेच औषध असतं. खालच्या मजल्यावरचे काका बसून घेतात. "बॅटरी पूर्ण शून्यावर उतरवायची आणि मग भरायची. आठवड्यातून एकदा. शिस्त लागते तिला." काकांचं ज्ञान निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं आहे आणि त्या जमान्यात ते खरंही होतं. आपल्या लॅपटॉपात लिथियम-आयन आहे. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. तिला असल्या शिस्तीची गरज नाही. उलट दर आठवड्याला शून्यावर नेलं तर ती लवकर झिजते. हे काकांना सांगू नये. मान डोलवावी. सुतकाच्या घरी चहा घेत नाहीत, त्यामुळे ते फार वेळ बसत नाहीत.

चौथ्या दिवसापासून सेटिंग्जमध्ये शिरायला हरकत नाही. 'पॉवर अँड बॅटरी'त कोणत्या अ‍ॅपने किती वीज खाल्ली याचा हिशेब असतो. बहुतेक घरांत आरोपी ब्राउझर असतो आणि त्याच्या चाळीस उघड्या खिडक्या आपणच उघडलेल्या असतात. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत असेल तर ६० वर आणावा. पत्रं लिहायला तेवढे पुरतात. यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवे ड्रायव्हर घ्यावेत. एवढं केलं की हा अध्याय संपला.

झोपेचा अध्याय मात्र मोठा आहे. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपला, ही आपली भाबडी समजूत. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांना पूर्वीची गाढ झोप उरलेलीच नाही. 'मॉडर्न स्टँडबाय' नावाची सावध डुलकी असते, मोबाइलसारखी. दुपारी आडवे झालेले आजोबा घोरत असतात, पण कढईत काय पडलं ते त्यांना कळतं, तशातला प्रकार. मी एकदा घरून मिटून नेलेला लॅपटॉप बॅगेतून काढला, तर पोळीच्या डब्यापेक्षा गरम आणि बॅटरी अर्ध्यावर. ज्याला लांब जायचं आहे त्याने स्लीप न करता हायबरनेट करावं. तो पर्याय मेनूत दडवलेला असतो. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये शोधला की सापडतो.

सातव्या दिवशी पत्रिका काढावी. काळी खिडकी उघडून 'पॉवरसीएफजी', मग जागा, तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असा मंत्र टंकावा. हा मंत्र रोमन लिपीतच सिद्ध होतो, देवनागरीत करून पाहू नये. एक फाइल तयार होते. तिच्यातले दोनच आकडे बघायचे : कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं आणि आता पूर्ण भरल्यावर किती मावतं.

माझ्या पत्रिकेत पहिला आकडा ५०,००० मिलिवॅट-अवर होता आणि दुसरा २७,०००. म्हणजे जवळपास निम्मी बॅटरी गेलेली. पूर्वी माझा लॅपटॉप डेक्कन क्वीनमध्ये पुण्यापासून दादरपर्यंत टिकायचा, आता मंकी हिलच्या बोगद्यांत अंधार झाला की तोही अंधारात जातो. सात दिवस मी याचा दोष अपग्रेडला देत होतो. पण कुठलीही बॅटरी आठवड्यात निम्मी होत नाही. पाच वर्षं मी तिला रात्रंदिवस शंभर टक्क्यांवर चार्जरला बांधून गोधडीवर तापत ठेवली होती, त्याचा हा हिशेब. अपग्रेडनं फक्त वीज जास्त मागितली आणि घरात काही शिल्लक नाही हे उघडं पडलं.

एक गोष्ट मात्र विनोद बाजूला ठेवून सांगतो. टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट बसत नसेल, तळ फुगलेला दिसत असेल, तर कुठलाही दिवस मोजू नका. बॅटरी फुगली आहे. यंत्र बंद करा, चार्जर काढा, दाबू किंवा टोचू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

दहाव्या दिवशी निर्णय. परत जायचं की नाही? परत बोलावता येतं, पण वाढीव मुदतीची वेगळी नोंदणी केली नसेल, तर परत आलेल्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. मी संध्याकाळी 'गो बॅक'समोर बसलो. हात पुढे जाईना, मागेही येईना. कावळा शिवत नाही तेव्हा घरातले एकेक पुढे होऊन जसे शब्द देतात, तसे मीही दिले. जुना प्रिंटर टाकणार नाही, म्हटलं. गोधडीवर ठेवणार नाही. शेवटी म्हटलं, नवी बॅटरी घेतो.

दुसऱ्या दिवशी बटण नव्हतं.

बॅटरी सांगून ठेवली आहे, यायला वेळ लागेल म्हणतात. तोवर सव्वासातच्या डेक्कन क्वीनला पासवाल्यांच्या डब्यात असाल, तर प्लगजवळची जागा तेवढी माझ्यासाठी धरा.