इंग्रजी एसच्या अक्षयतेचा सिद्धांत

एसच्या अक्षयतेचा सिद्धांत आजवर एकाही व्याकरणकाराने मांडला नाही, ही त्या शास्त्राला शोभणारी गोष्ट नव्हे. सिद्धांत असा: साध्या वर्तमानकाळात वाक्याच्या वाट्याला एस एकच येतो. तो कर्त्याने घेतला तर क्रियापदाने त्याच्याविना भागवायचे. ‘बॉय रन्स’, पण ‘बॉइज रन’. घरात छत्री एकच. बाप घेऊन गेला की पोरगा भिजणार. ‘डझ’ आला की छत्री त्याच्याकडे, म्हणून ‘शी डझन्ट गोज’ चूक. ‘चिल्ड्रन रन’मध्ये मात्र एस दोघांकडेही नाही. तेव्हा ‘चिल्ड्रन्स’ म्हणणारी मंडळी अडाणी नसून सिद्धांताच्या रक्षणासाठी झटत आहेत, असे आमचे नम्र मत आहे.

‘आय डिड नॉट वेंट’ हा प्रश्न अधिक खोल. ‘डिड’ने भूतकाळाची वर्दी दिल्यावर ‘गो’ने मुकाट मूळ रूपात उभे राहावे, असा इंग्रजांचा दंडक. पण ‘मी गेलो नाही’ म्हणताना आपला सगळा भूतकाळ ‘गेलो’मध्येच असतो. म्हणून मराठी माणूस ‘डिड’वर विसंबत नाही, खात्रीसाठी ‘वेंट’ही लावून ठेवतो. शिवाय ‘वेंट’ हे ‘गो’चे पोटचे रूप नव्हेच, ते ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाकडून घेतलेले. हसू नये. आपल्या ‘जा’चा ‘गेला’ तरी कुठे ‘जा’सारखा दिसतो?

‘आय ॲम नोइंग’चा दोष आम्ही ‘मला ठाऊक आहे’मधल्या ‘आहे’वर ठेवतो. अशा चालू वर्तमानकाळाची गंमत निसिम इझिकेल यांनी मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाच्या कवितेत कायमची करून ठेवली आहे. तिच्यात आम्ही भर घालत नाही.

‘वेंट’सारख्या अनियमित रूपांवर मात्र उपाय आहे. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे तपासली होती. त्यांतली आज ९८ अनियमित उरली. ‘हेल्प’चे ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ड’ झाले ते याच ओघात. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असा त्यातला हिशेब. म्हणजे ‘कॅच’चे ‘कॉट’ पाठ होत नसेल, तर सर्वांनी मिळून ते वापरणेच सोडावे. काही शतकांत ‘कॅच्ड’ शुद्ध ठरेल. ‘बी’ आणि ‘हॅव’ यांचे अर्धायुष्य मात्र ३८,८०० वर्षे निघते. बोर्डाने त्याआधी अभ्यासक्रम बदलला तर गोष्ट वेगळी.