शून्यावा मुलगा

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन भिंतीवर चढलं, की आमच्या भंडाऱ्याकडच्या काही पोरांच्या डोक्यात पायथॉन चढतो. लाखनी असो, पवनी असो की तुमसर, गल्लीत असा एक तरी सापडतोच. त्याची खूण सोपी आहे : तो एकपासून मोजत नाही. आल्यागेल्या पाहुण्यांना तो सांगतो, "मी या घरातला शून्यावा मुलगा." यावर बाबा पानाची पिंक टाकून म्हणतात, "थे आमाले केव्हाचंच माहीत आहे."

त्याचा सध्याचा धडा म्हणजे लिस्ट आणि लूप. त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट चौकटी कंसात बसल्याशिवाय त्याला दिसत नाही. जिल्ह्याचे सात तालुके त्याने लिस्टमध्ये भरले. भंडारा शून्य, मोहाडी एक, तुमसर दोन, असं करत लाखांदूर सहावर गेलं. मग ऐटीत मशीनला सातवा तालुका मागितला, तर पडद्यावर लालभडक इंडेक्स एरर. लाखांदूरचे मामा बाजूलाच चहा पीत होते. ते म्हणाले, "आमच्यापर्यंत येता येता सगळंच संपते गा."

आजोबांना खूश करायला त्याने दोनचा पाढा मशीनकडून म्हणवून घेतला. रेंजमध्ये एक आणि दहा लिहिले. मशीन 'बे नवे अठरा'पर्यंत आलं आणि गप्प बसलं. आजोबा वाट बघून म्हणाले, "बे दाहे कुठी गेले?" पोरगा समजावू लागला, की रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. आजोबांनी जुन्या शाळेत शेवटचा आकडा गाळल्यावर छडी खाल्ली होती. त्यांना हे शिक्षण काही पटलं नाही.

व्हाइल लूपची हौस तर विचारूच नका. एकदा मोजणी पुढे सरकवायची ओळ राहिली आणि 'धान भरा, धान भरा' असं पडदाभर धावू लागलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचे धान गा? आपली रोवणी तरी झाली का?" कंट्रोल आणि सी ही बटणं दाबेपर्यंत मशीन रोवणी, कापणी, मळणी सगळं विसरून पोतीच भरत होतं.

पण खरा पराक्रम ताईच्या लग्नात झाला. पाहुण्यांची यादी त्याने मशीनवर घेतली. बाबांनी अट घातली, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ती नावं काढायची. पोराने फॉर लूप लावला : यादीतून एकेक नाव घ्यायचं, रुसलेला असेल तर त्याच यादीतून रिमूव्ह करायचं. धुऱ्यावरून भांडलेले दोन चुलतकाका यादीत एकाखाली एक होते. पहिला काढला तशी खालची सगळी नावं एक-एक घर वर सरकली, लूप मात्र ठरल्याप्रमाणे पुढच्या घरात गेला. दुसरे काका त्या फटीतून सहीसलामत निसटले. त्यांना पत्रिका गेली. लग्नात ते सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या पंगतीत बसले आणि ज्याला पत्रिका नव्हती, त्या सख्ख्या भावाला तिथूनच फोन लावून मेनू सांगू लागले.

रात्री मांडवात चौकशी बसली. पोरगा इंडेक्स, रिमूव्ह, सरकणं असं बोलत राहिला. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "चालू यादीत खाडाखोड कायले करतेस? कोरा कागद घेवाचा आन् ज्याले बोलवाचं त्याचंच नाव उतरवाचं."

पोरगा गप्प झाला. क्लासमधले सर पुढच्या आठवड्यात नेमकं हेच शिकवणार होते आणि त्याची फी बाबांनीच आगाऊ भरली होती.