मोटारीला सिम घेताना: एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला की घरात एक माणूस वाढतो. हा माणूस शेतातच राहतो, भाकरी मागत नाही, रिचार्ज मागतो. थ्री फेज लाईट आली, मोटार सुरू झाली, एक फेज गेला, विहीर उपसली, केबल कुणी तोडली, सगळे मेसेजने कळवतो. त्याच्यामुळे रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून जाणे वाचते. अशा गुणी माणसाला सिम कोणते द्यावे, हे विचारले की स्टार्टर विकणारा म्हणतो, "कुठलंबी चालतंय." या दोन शब्दांवर विसंबून ज्यांचे पीक वाळले, त्यांच्या अनुभवातून पुढील पायऱ्या तयार केल्या आहेत.

पायरी १ : घरातले जुने सिम देऊ नये

प्रत्येक घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक रिकामे सिम पडलेले असते आणि ते फुकट असल्याने सुयोग्य वाटते. मीही तेच घातले. तो नंबर बँकेला जोडलेला आहे, हे पीककर्जाचा ओटीपी विहिरीवर गेला तेव्हा कळले. स्टार्टरने तो कुणालाही सांगितला नाही. ओटीपी कुणाला सांगू नये, हा नियम आमच्या घरात तो एकटाच पाळतो.

पायरी २ : रेंज पेटीपाशी बघावी

पारावर सगळ्यांनाच रेंज असते, कारण टॉवर गावात असतो. विहीर ओढ्याकाठी खोलगटात असते. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले चार भाऊबंद जमवावेत. चौघे एकत्र येणे हीच खरी अडचण. बांधाचा वाद तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा. मेन स्विच पाडून एकेकाचा फोन लोखंडी पेटीत ठेवावा, झाकण लावावे आणि बाहेरून रिंग द्यावी. ज्याचा वाजेल, त्याची कंपनी घ्यावी. कुणाचाच वाजला नाही तर स्टार्टरची अँटेना पेटीबाहेर काढून उंच बांधावी. भाऊबंदांना चहा पाजून वाटेला लावावे.

पायरी ३ : स्टार्टरची पिढी विचारावी

स्वस्तातले बरेच स्टार्टर टू-जीवर चालतात. २०१६ मध्ये आलेल्या जिओचे जाळे मात्र फोर-जीपासून सुरू होते. टू-जी त्यात नाहीच. त्यामुळे टू-जी स्टार्टरमध्ये हे सिम घातले, तर सिमही चांगले, स्टार्टरही चांगला आणि मोटार बंद, असा प्रकार होतो. फोर-जी स्टार्टर असेल तर ही चिंता नाही. डब्यावर काय लिहिले आहे ते विकत घेण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचून ज्ञान वाढते, पाणी नाही.

पायरी ४ : मोटार रील बघत नाही

दुकानदार आधी रोज दीड जीबीचा प्लॅन दाखवतो. त्याला नम्रपणे सांगावे, की साडेसात हॉर्सपॉवरची मोटार आहे, कॉलेजला जात नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना केवळ कॉल आणि मेसेजचे व्हाउचर ठेवायला लावले, आणि व्हाउचरची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. असा वर्षभराचा, डेटा नसलेला रिचार्ज मागावा. दुकानदार "असलं काही नसतं" म्हणेल. पुन्हा मागावा.

पायरी ५ : साहित्यिक मेसेज टाळावा

इंग्रजी लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. ज्या स्टार्टरमध्ये मजकूर आपण भरायचा असतो, तिथे "विहिरीतील पाण्याची पातळी अत्यंत खालावल्यामुळे नाइलाजाने मोटार बंद करण्यात येत आहे" असे लिहिले, तर दोन मेसेज खर्ची पडतात. "पाणी संपलं" पुरते. मराठी शेतकऱ्याला यापुढचे वर्णन लागत नाही.

पायरी ६ : परक्यांना ओळख देऊ नये

सिमचा पिन आधी साध्या फोनमध्ये घालून काढून टाकावा. तो टाकायला स्टार्टरला हात नाहीत. मग घरातले मोजके नंबर नोंदवून बाकीच्यांना बंदी घालावी आणि जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद करावी. आमच्या स्टार्टरला ही शिस्त नव्हती. भरदुपारी कुणीतरी त्याला स्वस्त कर्ज देऊ केले आणि तो फोन घेऊन मोटार सुरू करून बसला. कर्ज मिळाले नाही, पण शेजाऱ्याच्या हरभऱ्याला पाणी मिळाले.

शेवटची पायरी

हा माणूस सगळे सांगतो, एक गोष्ट सोडून. रिचार्ज संपला, हे तो कळवू शकत नाही, कारण ते कळवायलाही रिचार्ज लागतो. गेल्या चैत्रात आठ दिवस त्याचा एकही मेसेज आला नाही. तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजून मी निवांत झोपलो. नवव्या दिवशी शेतात गेलो, तर भुईमुगाने माना टाकल्या होत्या.

तेव्हा कंपनी कुठलीही घ्या. रिचार्ज संपण्याची तारीख पेटीच्या झाकणावर आणि घरातल्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे ठळक लिहा. आणि दर सोमवारी मोटारीला एक फोन करत जा.